मानवशास्त्र शिकून पुढे काय?

9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थ्याने निबंध वाचला. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर आलेल्या या विद्यार्थ्याचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. भीमराव आंबेडकरांचा हा जातीवरचा निबंध पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला.

त्यात त्यांनी सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या जातीच्या व्याख्या एकेक करून तपासल्या आहेत. विटाळ, धंदा, रोटीबंदी या सगळ्या गोष्टी बाजूला सारून त्यांनी बोट ठेवले ते बेटीबंदीवर. गटाबाहेर लग्न करायचे नाही असे एकदा ठरले, की गटातल्या बायका आणि पुरुष यांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेल्यावर मागे राहिलेली बाई आणि बायको मेल्यावर मागे राहिलेला पुरुष यांचे करायचे काय? सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही त्या प्रश्नावर समाजाने काढलेली उत्तरे आहेत, असे आंबेडकरांनी मांडले. जातीचे चटके लहानपणापासून सोसलेल्या माणसाने जातीकडे दूरच्या बेटावरच्या चालीरीतीकडे पाहावे तसे पाहिले आणि ती चालते कशी हे उकलून दाखवले. हे कसब कायद्यात, राजकारणात, वादविवादात आयुष्यभर उपयोगी पडणारे होते, आणि ते पडलेही.

मागच्या शंभर वर्षांत मानवशास्त्राचा सर्वांत चांगला उपयोग अनेकदा अशाच लोकांनी केला आहे, ज्यांचा पोटापाण्याचा धंदा दुसराच होता.

आपल्याकडे या विषयाचा जन्म मात्र फारसा अभिमानाने सांगावा असा नाही. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड लावत होते. आंबेडकरांनी 1948 च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये नाकांचेच आकडे हाती घेतले, समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी मांडलेले, आणि त्यांच्याच आधारे दाखवले की अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे आहेत हा दावा टिकत नाही. ज्या मापाने माणसे खाली ढकलली, त्याच मापाने केलेला हा हिशेब होता.

घुर्ये यांच्या हाताखाली मुंबईत एम.ए. झालेल्या इरावती कर्वे यांनाही असाच प्रसंग आला. 1928 मध्ये त्या बर्लिनला गेल्या. सासरे महर्षी कर्वे यांना ते पसंत नव्हते, पती दिनकर मात्र पाठीशी होते. कैसर विल्हेल्म संस्थेत त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. गोऱ्यांच्या कवटीची एक बाजू मोठी असते आणि त्यांची तर्कबुद्धी त्यातून येते, असा फिशर यांचा कयास होता आणि इरावतीबाईंनी तो पडताळून पाहावा अशी अपेक्षा. बाईंनी 149 कवट्या मोजल्या. वंश आणि कवटीचा असमतोल यांचा संबंध त्यांना आढळला नाही आणि त्यांनी तसे लिहून टाकले. घरापासून हजारो मैलांवर, परक्या भाषेत, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून आहे त्याच्या तोंडावर. गुण कमी मिळाले, पण 1930 मध्ये पदवी हातात आली. फिशर 1933 मध्ये, नाझी सत्तेत आल्यावर, बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

नोकरीच्या बाजारात हल्ली ‘डेटा’चे फार कौतुक आहे. साहेबाला हवा तो निष्कर्ष आकड्यांतून निघत नसेल तर तसे सांगण्याची सवय कोणत्या अभ्यासक्रमात लागते, हे कुणी विचारत नाही.

1939 मध्ये इरावतीबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि मग त्यांचे पाय फारसे थांबले नाहीत. 1953 च्या त्यांच्या आप्तसंबंधांवरच्या इंग्रजी ग्रंथामागे अगदी साधे प्रश्न आहेत: तुमच्याकडे मामाची मुलगी करतात का? आतेची चालते का? उत्तरेत दोन्ही निषिद्ध, दक्षिणेत दोन्हीला मुभा, आणि महाराष्ट्रात पुष्कळ जातींत मामाची चालते, आतेची नाही. एवढ्या उत्तरांतून महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या सांध्यावरचा प्रदेश कसा आहे हे उलगडत जाते. असा प्रश्न ओसरीवर बसून, चहा घेत, समोरच्याला अवघड न वाटता विचारता येणे ही कला आहे. सर्वेक्षणाचा छापील कागद पुढे करून ती जमत नाही.

‘वाटचाल’ या लेखात त्या पंढरीच्या वारीत चालल्या आहेत. भक्तीने त्या हेलावतात, पण त्याच दिंडीत ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी बसते हेही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. तोंडी एकच अभंग आणि चूल मात्र निराळी, हे दोन्ही एका पानावर लिहिणे सोपे नाही. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची त्यांनी जाई निंबकरांबरोबर केलेली पाहणी 1969 मध्ये प्रसिद्ध झाली. पुनर्वसन हा शब्द वर्तमानपत्रांत रोजचा होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1970 मध्ये, बाई गेल्या.

त्यांचे सहकारी कैलाश मल्होत्रा आणि पुण्यातच इरावतीबाईंच्या शेजारी वाढलेले परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पुढे एकत्र काम केले. सह्याद्रीत कुणबी दरीत भात पिकवतो आणि शिकार करतो, गवळी धनगर वरच्या पठारावर म्हशी राखतो. लोणी खाली जाते, धान्य वर येते. भटक्यांचेही तसेच. नंदीवाले कुत्रे घेऊन रानडुक्कर आणि घोरपडीच्या मागे, फासेपारधी फास लावून काळवीट आणि पाखरांच्या मागे, वैदू मुंगूस, कासव, खेकड्यांच्या मागे. एकाच माळरानावर तिघे, पण एकमेकांच्या ताटात हात नाही. यांतल्या पारध्यांवर तर इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. अशा लोकांपाशी रानाचा इतका तपशीलवार हिशेब होता. त्यांच्याबरोबर चालल्याशिवाय वनखात्याच्या कागदांत तो सापडला नसता. (याचा अर्थ जातिव्यवस्था निसर्गरक्षणासाठी निघाली असा घेणारेही भेटतात. आंबेडकरांचा निबंध त्यांनी आधी वाचावा.)

सह्याद्रीच्या माळावरून एकदम कॅलिफोर्नियात जायचे तर थोडा धक्का बसेल, पण काम तेच आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टोच्या संशोधन केंद्रात 1979 च्या सुमारास ल्यूसी सचमन ही मानवशास्त्राची विद्यार्थिनी आली. कंपनीचे नवे यंत्र वापरायला अवघड आहे अशी गिऱ्हाइकांची तक्रार होती. सचमनने यंत्रापुढे दोघादोघांना उभे करून त्यांचे चित्रण केले. संगणकशास्त्रातली दोन नामांकित माणसे यंत्रापुढे डोके खाजवत आहेत, असेही त्या फितीत दिसते. माणसे आपसात काय बोलतात, कुठे अडतात, यातले यंत्राला काही कळत नव्हते. कळत होती ती फक्त दाबलेली बटणे. 1987 चे तिचे पुस्तक यंत्रे घडवणाऱ्यांच्या पिढ्यांनी वाचले. झेरॉक्सचे मोठे हिरवे बटण तिच्यामुळे आले अशी दंतकथा व्यवस्थापनाच्या वर्गांत अजून सांगतात. तिने स्वतः ती खोडून काढली आहे.

तिथलाच ज्युलियन ऑर दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांबरोबर हिंडला. छापील पुस्तिका त्यांना अर्धीच उपयोगी होती. खरी विद्या ते कॉफी पिताना एकमेकांना सांगत असलेल्या बिघाडांच्या किश्शांत होती. कंपनीने पुढे असे किस्से आणि युक्त्या साठवण्याची व्यवस्थाच उभी केली.

जिलियन टेट हिने ताजिकिस्तानातल्या लग्नविधींवर केंब्रिजची मानवशास्त्रातली डॉक्टरेट केली आणि ‘फायनान्शियल टाइम्स’मध्ये नोकरी धरली. 2005 मध्ये फ्रान्सच्या नीस शहरात बँकवाल्यांच्या परिषदेत बसून तिला ताजिक लग्नघर आठवले: तीच आपली भाषा, तेच आपले लोक, आणि ज्यांना कर्ज दिले त्या घरमालकांचे नावही कुणाच्या तोंडी नाही. मंडळी काय बोलत नाहीत हे तिने टिपले, म्हणून 2008 चे आर्थिक अरिष्ट येण्याआधी तिच्या बातम्यांत धोक्याचा इशारा होता.

2014 च्या इबोलाच्या साथीत तर या विद्येवर जीव अवलंबून होते. गिनीत एक गर्भवती दगावली. किस्सी लोकांच्या रीतीप्रमाणे गर्भ वेगळा केल्याशिवाय तिला पुरता येत नव्हते आणि ती शस्त्रक्रिया करणाऱ्याला लागण जवळपास अटळ होती. नातेवाईक हटून बसले. मानवशास्त्रज्ञ ज्युलिएन अनोको यांनी अडाणीपणाचे भाषण दिले नाही. रीत मोडल्यावर करायचा प्रायश्चित्तविधी माहीत असलेला वृद्ध त्यांनी शोधून काढला, सामानाचा खर्च जागतिक आरोग्य संघटनेने दिला आणि दफन सुरक्षित पार पडले. त्याच वर्षी संघटनेच्या दफनविषयक सूचनांत ‘सुरक्षित’च्या जोडीला ‘सन्मानाने’ असेही आले.

आपल्याकडे मानवशास्त्राची आठवण आता होते ती बहुतेक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या वेळी. वैकल्पिक विषय, प्रत्येकी 250 गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका, अभ्यासक्रम आटोपशीर. शिकवणीच्या नोट्समधून मॅलिनोव्स्की पाठ होतो, पण मॅलिनोव्स्कीने जे केले, म्हणजे लोकांत जाऊन राहणे, ते नोट्समध्ये मावत नाही. गोल्डनवायझरच्या वर्गापासून अनोकोपर्यंत वर आलेल्या प्रत्येकाच्या हाती जे लागले ते प्रश्नपत्रिकेत मोजता येणारे नाही, हेही खरे. तेव्हा घरातल्या कुणी हा विषय घेतो म्हटले तर जरूर घेऊ द्यावा. फक्त प्रवेशअर्ज भरण्याआधी त्या महाविद्यालयात जाऊन एकच चौकशी करावी: वर्षातून किती आठवडे मुलांना फील्डवर्कला नेता? उत्तर द्यायला कुणी अडखळले तर दुसरे महाविद्यालय पाहावे.