संग्रहातील ओळखक्रमांक

२०१५ साली सुरू झालेल्या डिस्कॉर्ड या संवादसेवेत माणसांच्या बरोबरीने बॉट, म्हणजे स्वयंचलित संवादकही वावरत असतात. समजा, एखाद्या अभ्यासमंडळाच्या बॉटने रविवारच्या बैठकीस कोण येणार असे विचारले आणि येणाऱ्यांनी त्या संदेशाखाली हात उंचावल्याचे चिन्ह उमटविले. या प्रत्येकास पुढे स्वतंत्र सूचना धाडावयाची, तर बॉटला त्याची नेमकी ओळख पटली पाहिजे. नावाने हे काम भागत नाही. पडद्यावर दिसणारे नाव बदलता येते, आणि दोघांनी तेच नाव घेण्यासही आडकाठी नाही. कायम राहतो तो खात्याचा ओळखक्रमांक.

हा क्रमांक ट्विटरने २०१० मध्ये प्रचारात आणलेल्या 'स्नोफ्लेक' पद्धतीचा, ६४ बिटांचा असतो. वरचे ४२ बिट खाते उघडल्याचा क्षण सांगतात. तो २०१५ च्या आरंभापासून लोटलेल्या सहस्रांश सेकंदांत मोजलेला असतो. म्हणजे केवळ क्रमांकावरून खाते केव्हाचे हे कोणासही काढता येते. खाजगीपणाची ज्यांना काळजी आहे त्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

जावास्क्रिप्ट भाषेतील 'डिस्कॉर्ड डॉट जेएस' ही लायब्ररी वापरली असता चिन्ह उमटविणाऱ्यांची यादी 'कलेक्शन' नामक संग्रहाच्या रूपाने हाती येते. हा संग्रह म्हणजे त्या भाषेतील 'मॅप' या रचनेचा विस्तार होय. त्यातील प्रत्येक नोंदीस एक किल्ली व एक मूल्य असते. येथे किल्ली हाच ओळखक्रमांक आणि मूल्य म्हणजे त्या व्यक्तीची इतर माहिती. नवशिके एकेक मूल्य उघडून आतला क्रमांक शोधीत बसतात. उत्तर बरोबर येते, पण श्रम व्यर्थ जातात. नुसत्या किल्ल्या मागितल्या की पुरे. मात्र पहिले चिन्ह पुष्कळदा बॉटनेच नमुन्यादाखल उमटविलेले असते, ते आधी गाळावे. शिवाय सेवा एका वेळी फार तर १०० जणांची नावे देते. मंडळी अधिक असल्यास शेवटच्या क्रमांकापासून पुढची मागणी करावी लागते.

खरा धोका यानंतर आहे. क्रमांक दिसतो अंकांचा, म्हणून कोणी त्याची संख्या करून ठेवतो. जावास्क्रिप्टमधील साधी संख्या ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतच निर्धास्तपणे अचूक असते, आणि हे क्रमांक सामान्यतः १७ ते १९ अंकी असतात. अठरा अंकी संख्यांमध्ये तिला नेमकेपणाने मांडता येणाऱ्या लगतच्या दोन संख्यांत १६ ते १२८ इतके अंतर पडते. २०००००००००००००००१ असे लिहावे आणि अखेरचा एक मुकाट्याने शून्य व्हावा! चुकीची सूचना कोठेही निघत नाही. नवा क्रमांक बहुधा कोणाचाच नसतो. ज्याने हात उंचावला होता त्याला निरोप मात्र पोहोचत नाही. म्हणूनच डिस्कॉर्ड हे क्रमांक अक्षरमालेच्या रूपात पाठविते आणि संग्रहातील किल्ल्याही तशाच असतात.