कायद्यातील पीएच.डी.साठी अर्ज : विषयाकडून प्रश्नाकडे

या पाठात आपण कायद्यातील पीएच.डी.चा अर्ज कसा तयार करायचा ते पाहू. प्रवेशाचे नियम वाचून समजतात. अवघड असते ते अभ्यासासाठी नेमका प्रश्न ठरवणे. ते समजून घेण्यासाठी आपण तंजावूरच्या राजवाड्याचे उदाहरण घेऊ.

एक खटला

या राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. संस्कृत, तमिळ, मराठी आणि तेलुगू हस्तलिखितांबरोबर तेथे भोसले दरबाराचे मोडी कागदही आहेत. ऑक्टोबर १८५५ मध्ये राजे शिवाजी (दुसरे) यांचे निधन झाले. त्यांना मुलगा नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीने राज्य खालसा झाल्याचे ठरवले आणि १८५६ मध्ये राजवाडा व त्यातील मालमत्ता लष्कराच्या बळावर ताब्यात घेतली. त्यात राजाची खासगी मालमत्ताही होती. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. तेथे निकाल त्यांच्या बाजूने लागला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मात्र तो फिरवला. जप्ती हे ‘ॲक्ट ऑफ स्टेट’, म्हणजे सार्वभौम सत्तेने सत्तेच्या नात्याने केलेले कृत्य आहे. ते न्याय्य की अन्याय्य हे न्यायालयाने पाहायचे नाही, असे ठरले. १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत केली, पण हक्क म्हणून नव्हे, आपल्या मर्जीने.

हक्क आणि मर्जी यांतला हा फरक तुम्हाला अस्वस्थ करत असेल, तर संशोधनाची सुरुवात झाली आहे असे समजा.

पात्रता आणि परीक्षा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमीलेयर), दिव्यांग व आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत देता येते. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवलेल्यांनाही विनियमांनी वाट खुली केली आहे; पण विधी विभाग सहसा एलएल.एम. मागतात. म्हणून प्रत्येक विद्यापीठाचे माहितीपत्रक आधी वाचा.

प्रवेश नेटच्या गुणांवर किंवा विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेवर होतो. विद्यापीठाच्या परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. अंतिम यादीत लेखी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असते. जेआरएफ मिळालेल्यांची निवड मुलाखतीवर होते.

आराखडा

‘तंजावूरच्या मराठा राज्याचा कायदेशीर अभ्यास’ हा विषय झाला. यातून काय शोधायचे आहे ते कळत नाही, आणि तीन वर्षांत तो संपणारही नाही. आता हे वाचा : ‘१८५९ च्या निकालात राजाच्या खासगी मालमत्तेवरील वारसांचा हक्कही न्यायालयाच्या कक्षेबाहेर का ठेवला गेला, आणि संस्थानांच्या विलीनीकरणानंतर सर्वोच्च न्यायालयाने तेच तत्त्व कोणत्या कारणांनी स्वीकारले?’ हा प्रश्न आहे. त्याला काळाची मर्यादा आहे आणि त्याचे उत्तर पुराव्याने देता येते.

पुढची पायरी पूर्वसंशोधनाच्या आढाव्याची. या प्रश्नासाठी वीरेंद्र सिंह (१९५४) आणि व्होरा फिद्दाली (१९६४) हे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल टाळता येणार नाहीत. पहिल्यात नागरिकांच्या हक्कांकडे राज्यघटनेच्या दृष्टीने पाहिले आहे, तर दुसऱ्यात प्रिव्ही कौन्सिलची जुनी भूमिका कायम ठेवली आहे. या दोहोंत जो ताण आहे, तिथे तुमच्या प्रबंधाला जागा आहे. आढाव्यात केवळ ग्रंथांची यादी न देता अशी जागा दाखवायची असते.

साधने कुठे आहेत तेही लिहा. निकाल विधी-अहवालांत इंग्रजीत मिळतात. सरकारी पत्रव्यवहारासाठी चेन्नईचे अभिलेखागार आहे, तर दरबाराच्या बाजूसाठी मोडी कागद. मोडी येत नसेल तर ती कधी आणि कशी शिकणार हे वेळापत्रकात नमूद करा. नावांचीही काळजी घ्या : इंग्रजी अहवालात कामाक्षीबाईसाहेबांचे नाव ‘कामाची बोये साहेबा’ असे छापले आहे. मराठी नावाने शोधणाऱ्याला हा खटला सापडायचा नाही.

मार्गदर्शक आणि कालावधी

प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. तेव्हा जागा कुणाकडे आहे आणि तुमच्या प्रश्नाजवळचे लेखन कुणी केले आहे, या दोन्ही गोष्टी अर्जापूर्वी पाहा.

पीएच.डी.ला कोर्सवर्क धरून किमान तीन व साधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे असते.

मुलाखतीत बहुधा विचारतात : ‘याचा आज काय उपयोग?’ उत्तर पाठ करून जाऊ नका. सरकारने घेतलेली वस्तू परत मिळाली, तरी ती हक्काने मिळाली की मेहरबानीने, हा प्रश्न आजच्या नागरिकालाही पडतो. तो तुम्हाला स्वतःच्या शब्दांत मांडता आला पाहिजे.

स्वाध्याय

आवडीचा एक विषय घ्या. त्यातून एकाच वाक्यात प्रश्न तयार करा. त्याखाली तो सोडवायला लागणारी तीन साधने आणि ती मिळण्याचे ठिकाण लिहा. तिन्ही ठिकाणे लिहिता आली नाहीत, तर प्रश्न बदला. अर्ज भरण्यापूर्वी तो बदलणे सोपे असते. नोंदणी झाल्यावर त्यात वर्षे जातात.