एकच सिलिकॉन, दोन किमती

लॅटिस कंपनीच्या आइस४० मालिकेत दोन चिप आहेत, एचएक्स४के आणि एचएक्स८के. डेटाशीट सांगतं की पहिलीत ३,५२० तर्कघटक आहेत आणि दुसरीत ७,६८०. अर्थातच दुसरी महाग. इथवर सगळं सरळ आहे. पण २०१५ मध्ये क्लेअर वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रोजेक्ट आइसस्टॉर्म’ जगापुढे आणला. चिपमधल्या एकेका बिटाची, कंपनीने कधीच जाहीर न केलेली भाषा त्यांनी बाहेरून ताडून उलगडली. त्या खटाटोपात दिसलं की दोन्ही चिपांच्या पोटातला सिलिकॉनचा तुकडा एकच आहे! स्वस्त चिपमधले उरलेले चार हजारांवर घटक जागच्या जागी आहेत. त्यांना हात लावू देत नाही ते कंपनीचं सॉफ्टवेअर. आइसस्टॉर्मची मोफत साधनं वापरली, की ते घटकही कामाला लावता येतात.

मग महाग चिप घेताना आपण जादा पैसे नेमके कशाचे देतो? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला, की प्रोग्रामेबल चिपांचे भाव पूर्वीसारखे वाचताच येत नाहीत.

आधी या चिपचं, म्हणजे एफपीजीएचं, अजब रूप पाहू. साध्या चिपमध्ये ‘हे आणि ते’, ‘हे किंवा ते’ असा सगळा तर्क कारखान्यातच कायमचा कोरलेला असतो. एफपीजीए मात्र कारखान्यातून निघते तेव्हा तिला तुमचं काहीच काम येत नसतं. उद्या तुम्ही तिला मोटरचा कंट्रोलर करा, परवा व्हिडिओचं कार्ड करा, तेरवा अख्खा प्रोसेसर करा. हे जमतं कसं? तर ती हिशेब करतच नाही! सतराचा पाढा पाठ असलेल्या मुलीला सतरा गुणिले आठ किती, असं विचारा. ती बेरजा करत बसणार नाही. ‘एकशे छत्तीस’ हे उत्तर तिच्याजवळ तयार असतं, ते ती नुसतं उचलून देते. एफपीजीएचा प्रत्येक घटक असाच पाठांतरावर चालतो. त्याचं नाव लुकअप टेबल, इंजिनिअरांच्या तोंडी ‘लट’.

एका लटमध्ये चार तारा येतात. प्रत्येक तारेवर शून्य किंवा एक, म्हणजे परिस्थिती सोळाच शक्य. म्हणून आत सोळा खणांची इवलीशी मेमरी, आणि प्रत्येक खणात एक तयार उत्तर. आता गंमत बघा. सोळा खण शून्य-एकांनी भरण्याचे प्रकार होतात ६५,५३६. चार तारांविषयी जो जो तर्क मांडता येईल तो प्रत्येक, एकही न वगळता, या सोळा खणांत मावतो! मोठ्या चिपांमधली लट सहा तारांची असते. तिथे खण ६४ आणि शक्य तर्कांची संख्या १८ वर १८ शून्यं, त्याहूनही थोडी जास्तच.

पण पैसा या खणांत फारसा नाहीच. तो आहे तारांत. कुठल्या लटचं उत्तर कुठल्या लटकडे जाणार हे कारखान्याला आधी ठाऊक नसतं, त्यामुळे चिपवर सगळीकडे तारांचं जाळं पसरावं लागतं. जोडण्याच्या जागी स्विच लागतो, आणि तो उघडा की बंद हे लक्षात ठेवायला पुन्हा मेमरीचा एक बिट. चिपचं बहुतेक क्षेत्रफळ हे जाळंच खाऊन टाकतं. डेटाशीटच्या पहिल्या पानावर मात्र ठळक अक्षरांत छापलेली असते ती लटची संख्या.

ही उधळपट्टी पहिल्यांदा करून दाखवली ती रॉस फ्रीमन यांनी. झायलिंक्स कंपनीचे ते एक संस्थापक. १९८५ साली आलेल्या त्यांच्या एक्ससी२०६४ या पहिल्या एफपीजीएत तर्काचे ठोकळे होते अवघे ६४, आणि त्यासाठी ट्रान्झिस्टर लागले सुमारे ८५,०००. त्या काळी नावाजलेला मोटोरोला ६८००० हा अख्खा प्रोसेसर सुमारे ६८,००० ट्रान्झिस्टरांत बसलेला होता! म्हणजे चौसष्ट कोऱ्या ठोकळ्यांसाठी पूर्ण प्रोसेसरहून जास्त सामान. पण फ्रीमन यांचा हिशेब पुढच्या वर्षांचा होता: ट्रान्झिस्टर इतके स्वस्त होत जातील, की ते वाया गेले तरी कुणाला वाईट वाटणार नाही. फ्रीमन १९८९ मध्ये गेले. २०११ मध्ये त्यांच्याच कंपनीने आणलेल्या व्हर्टेक्स-७ २०००टी या चिपमध्ये ट्रान्झिस्टर होते ६८० कोटी.

या ६८० कोटींच्या चिपची घडण पाहिली की भावाचं आणखी एक गुपित कळतं. ती एका तुकड्याची नाही. सिलिकॉनच्याच एका पट्टीवर चार तुकडे शेजारी शेजारी बसवून, असंख्य सूक्ष्म तारांनी जोडून ती एक चिप केलेली आहे. एवढा खटाटोप कशासाठी? हे तुकडे सिलिकॉनच्या ज्या चकतीतून कापतात त्या वेफरवर इथे तिथे दोष पडतातच. तुकडा जितका मोठा, तितकी एखादा दोष नेमका त्यात सापडण्याची शक्यता जास्त. त्यामुळे आकार दुप्पट केला की खर्च दुपटीहून अधिक वाढतो. चार छोटे तुकडे करून त्यातले चांगले निवडणं स्वस्त पडतं. मालिकेतली सर्वांत मोठी चिप तिच्या धाकट्या बहिणीपेक्षा अचानक कितीतरी महाग दिसते, त्यामागे हे एक मोठं कारण असतं.

आणि जे तुकडे सदोष निघतात? झायलिंक्सने त्यांच्यासाठी ईझीपाथ नावाची योजना काढली होती. चिपच्या एका कोपऱ्यातली तार तुटलेली आहे, पण एखाद्या गिऱ्हाइकाचं डिझाइन त्या कोपऱ्यात जातच नसेल तर? मग ती चिप फक्त त्या डिझाइनपुरती तपासायची आणि पास झाली की कमी भावात द्यायची. एरवी टाकाऊ ठरली असती अशी चिप त्या एका कामासाठी शंभर टक्के चोख! मला या सगळ्या व्यवहारात याहून देखणी युक्ती दुसरी दिसत नाही. तपासणीला केवढी किंमत आहे हेही यातून उमगतं. एकाच वेफरवरच्या शेजारच्या तुकड्यांचा वेग सारखा नसतो, म्हणून तपासून त्यांची प्रतवारी होते. वेगवान चिपचा भाव वेगळा. शून्य ते ८५ अंशांपर्यंत चालेल अशी हमी असलेल्या चिपचा वेगळा, आणि उणे ४० पासून १०० अंशांपर्यंतच्या हमीचा त्याहून वेगळा.

मग कायमची कोरलेली चिप करून घेतली तर? नग स्वस्त पडेल, पण तिचे मास्क, म्हणजे कोरण्याचे साचे, बनवण्याचा खर्च आधीच करावा लागतो, आणि आधुनिक तंत्रात तो लाखो डॉलरांत जातो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. तिच्या अद्ययावत यंत्रणेत आकाशातून आलेले संकेत हाताळायला एफपीजीएचे बोर्ड बसवलेले आहेत. तीस अँटेनांसाठी मास्क कोण कापणार?

उलट टोकाला गणपतीच्या मिरवणुकीत झळकणारी एलईडी भिंत घ्या. तिच्या पॅनेलांमागच्या कार्डांवरही बहुधा एफपीजीए असते, कारण डझनावारी तारांवर एकाच क्षणी अचूक ठेक्यात डेटा ढकलावा लागतो. कलरलाइटच्या अशाच एका कार्डावर लॅटिसची ईसीपी५ चिप आहे. ही सुटी चिप एकेक विकत घ्यायला जे पडतं, साधारण तेवढ्यातच हे अख्खं कार्ड मिळतं! मेमरी, सॉकेट, दोन इथरनेट पोर्ट सगळ्यासकट. एका नगाचा भाव आणि हजारो नगांचा भाव यांत एवढी दरी असते. म्हणून वेबसाइटवरचा एका नगाचा भाव धरून दोन कंपन्यांची तुलना करू नये. तुम्हाला लागणार तेवढ्या नगांचं कोटेशनच मागवावं.

शिवाय चिप एकटी कधीच येत नाही. ईसीपी५ला १.१ आणि २.५ व्होल्ट लागतात, पिनांना बहुधा ३.३, आणि वीज गेली की ती सगळं पाठांतर विसरते, म्हणून शेजारी एक फ्लॅश मेमरी. लॅटिसच्याच मॅकएक्सओ२ मालिकेतल्या एचसी चिपा मात्र एकट्या ३.३ व्होल्टवर चालतात आणि फ्लॅश पोटातच बाळगतात. डिझाइन छोटं असेल, तर प्रति लट महाग दिसणारी ही चिप बोर्डाच्या एकूण खर्चात स्वस्त ठरू शकते. दाट पिनांच्या बीजीए पॅकेजला जास्त लेयरचा पीसीबी लागतो. तो खर्च तर चिपच्या बिलात दिसतही नाही. आणि अगदी किरकोळ काम असेल, तर रेनेसासने २०२१ मध्ये जाहीर केलेली फोर्जएफपीजीए आहे: हजाराच्या आसपास लट, आणि तेव्हा सांगितलेला भाव मोठ्या संख्येत घेतल्यास अर्ध्या डॉलरच्या आत. चाळीस वर्षांपूर्वी ६४ ठोकळ्यांसाठी प्रोसेसरहून मोठी चिप लागत होती, हे आठवून हा आकडा पुन्हा वाचा!

तेव्हा कुठलीही चिप मागवण्याआधी एक करा. बहुतेक छोट्या एफपीजीएंची सॉफ्टवेअर मोफत मिळतात आणि ती चालवायला हातात चिप असावी लागत नाही. तुमचं डिझाइन दोन-तीन कंपन्यांच्या साधनांत घालून बघा. किती लट लागल्या, वेग किती मिळाला, कोणत्या पॅकेजात ते बसलं, हे सगळं रिपोर्टमध्ये येतं. भावाची चौकशी त्यानंतर करा.