ऊर्जेची रूपांतरे : उपनगरी गाडीच्या उदाहरणाने

ऊर्जा नाश पावत नाही, केवळ रूप पालटते, हा पदार्थविज्ञानातील नियम विद्यार्थ्यांना मुखोद्गत असतो. तथापि व्यवहारात 'ऊर्जा वाया गेली' असेही आपण म्हणतो. या दोन विधानांत विसंगती आहे काय? मुंबईच्या उपनगरांत धावणाऱ्या विजेच्या गाडीच्या आधारे या प्रश्नाचा विचार करू.

प्रथम विजेचा एक उगम पाहू. सूर्याच्या उष्णतेने समुद्राच्या पाण्याची वाफ होते व ती सह्याद्रीवर पावसाच्या रूपाने पडते. लोणावळ्याच्या परिसरातील जलाशयांत साठलेल्या या पाण्याच्या ठायी, केवळ उंचीमुळे, स्थितिज ऊर्जा असते. घाटाखाली खोपोली येथे टाटांचे जलविद्युत् केंद्र १९१५ साली सुरू झाले. तेथे पाणी नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली उतरते व वेगवान झोताच्या रूपाने चक्रांवर आदळते. अशा रीतीने स्थितिज ऊर्जेची गतिज आणि जनित्रांत गतिज ऊर्जेची विद्युत् ऊर्जा होते.

बोरिवलीपर्यंत विजेची गाडी १९२८ साली धावू लागली. गाडीतील चलित्र विजेचे पुनरपि गतिज ऊर्जेत रूपांतर करते. भरलेल्या गाडीचे वस्तुमान ६०० टन व वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदास २० मीटर, असे मानू. वस्तुमान व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचे निम्मे केले असता गतिज ऊर्जा मिळते. ती येथे १२ कोटी जूल भरते. घरातील वीजमापकाच्या भाषेत ही सुमारे ३३ युनिटे होत. एक किलोग्रॅम पाणी ५०० मीटर उतरल्यास ४,९०० जूल मिळतात. म्हणजे वाटेत काहीच घट होत नाही असे धरले, तरी गाडीस एकदा हा वेग देण्यासाठी सुमारे साडेचोवीस टन पाणी घाट उतरले पाहिजे.

अंधेरीहून निघालेली धिमी गाडी बोरिवलीपर्यंत, ते स्थानक धरून, सहा वेळा थांबते. जुन्या गाड्यांत थांबताना ब्रेकचे ठोकळे चाकांवर घासत व ही ऊर्जा उष्णतेत परिणत होत असे. हिशेब मांडला तर एकही जूल कमी भरणार नाही. परंतु ती उष्णता हवेत पसरल्यावर तिच्या बळावर गाडी पुन्हा चालविता येत नाही. सर्व रेणूंच्या एकाच दिशेच्या गतीचे आता विस्कळीत गतीत रूपांतर झालेले असते, आणि हे रूपांतर आपोआप उलट फिरत नाही. 'वाया जाणे' याचा शास्त्रीय अर्थ हाच होय : ऊर्जेचे परिमाण कायम राहते, उपयुक्तता मात्र घटते.

२००७ पासून उपनगरी मार्गांवर आलेल्या नव्या बनावटीच्या गाड्यांत थांबतेवेळी चलित्रच जनित्राचे कार्य करते. गतिज ऊर्जेचा काही अंश वीज होऊन वरील तारेत परततो आणि दुसऱ्या गाडीच्या उपयोगी पडतो. येथे नवी ऊर्जा निर्माण होत नाही. असलेली ऊर्जा उष्णता होऊन विखुरण्यापूर्वी उपयुक्त रूपात वळविली जाते, इतकेच. ऊर्जेची बचत म्हणजे तिचे नाशापासून रक्षण नव्हे, कारण नाश संभवतच नाही. बचत म्हणजे तिच्या उपयुक्ततेचे रक्षण, हे ध्यानी घेतले असता वरील दोन विधानांतील विसंगती उरत नाही.