मालधक्क्यावरची चिमुकली व्हॅन

ब्रिटनमध्ये मॉडेल रेल्वे मांडणारे इंजिनाचं साल काटेकोर तपासतात. मालधक्क्यावरच्या व्हॅनचा क्रमांक फार उशिरा लागला. खरं तर खेळण्यातल्या मोटारी आल्याच रेल्वेचं बोट धरून. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३३च्या अखेरीस काही मोटारी काढल्या, त्या आपल्याच हॉर्नबी खेळण्यातल्या आगगाड्यांच्या सोबतीला. वर्षभरात त्यांचं ‘डिंकी टॉइज’ असं बारसं झालं. पिकफर्ड्स, ऑक्सो अशा जाहिराती मिरवणाऱ्या डिलिव्हरी व्हॅन पोरांनी उचलून धरल्या.

मापाचा मेळ मात्र बसेना. १९३८मध्ये हॉर्नबी डब्लो ही छोटी रेल्वे आली, एका फुटाला चार मिलिमीटर या हिशेबाची, आणि तिच्या शेजारी जुनी डिंकी राक्षसासारखी दिसू लागली. १९५३पासूनच्या मॅचबॉक्स मोटारींची तर गंमतच. गाडी डबीत मावली पाहिजे एवढाच दंडक, मग बस काय नि व्हॅन काय, उंची सारखीच! १९५७मध्ये डिंकी डब्लोने अखेर रेल्वेचंच, म्हणजे १:७६चं माप धरलं; पण जेमतेम पंधरा मॉडेलं काढून तीही काही वर्षांत आटोपली. माझ्या मते या साऱ्या कहाणीतली ही सर्वांत मोठी चुटपूट.

मॅचबॉक्सवाल्या जॅक ओडेलने १९८३मध्ये स्वतःचं आडनाव उलटं करून ‘लेडो’ काढली. फोर्ड मॉडेल टी व्हॅनवर जाहिरातींची बरसात झाली. माप इथेही मनमानीच, तरी कितीतरी मांडण्यांत त्या खपून गेल्या.

आता ऑक्सफर्ड डायकास्टसारख्यांमुळे १:७६च्या व्हॅनचा तुटवडा नाही. अडचण सालाची आहे. चपट्या नाकाची, सरकत्या दारांची मॉरिस जे-टाइप १९४९ची. युद्धापूर्वीच्या स्टेशनात तिला जागा नाही. तीनचाकी स्कॅमेल स्कॅरब ट्रक १९४८चा. त्याआधीच्या मालधक्क्याच्या अंगणात त्याचा थोरला भाऊ मेकॅनिकल हॉर्स हवा. फोर्ड ट्रान्झिट १९६५ची आणि ब्रिटिश रेल्वेवरची नेहमीची वाफेची गाडी १९६८च्या ऑगस्टमध्ये थांबली, म्हणजे दोघी शेजारी दाखवायला जेमतेम तीन वर्षं. नंबरप्लेटही चुगली करते: शेवटी वर्षाचं अक्षर असेल, तर गाडी १९६३च्या आधीची नव्हे.

एवढं जुळवूनही पुष्कळ अंगणं जत्रेसारखी दिसतात, कारण प्रत्येक व्हॅन नटलेली. यात उत्पादकांना तरी काय बोलणार? साध्या करड्या व्हॅनला शोकेसमध्ये कोण विचारतो! जाणकार मग जाहिरातीचीच व्हॅन घेतात, अक्षरं घासून काढतात आणि चाकांच्या वर, दाराच्या खालच्या कडेला चिखलाचा पातळ हात मारतात.