काठीचे पाडवी, मॅग्ना कार्टा आणि ग्रामसभा

काठी (ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार) या पाडवी प्रमुखांच्या गावची राजवाडी होळी पाहायला दूरदूरहून माणसे येतात. पण राजा म्हटला की त्याचा शब्द हाच कायदा, असे आपण धरून चालतो. सरंजामशाही आणि राज्यघटना यांच्या नात्याबद्दलचे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

गैरसमज १ : मध्ययुगीन युरोपात राजाच्या सत्तेला मर्यादा नव्हती.

वस्तुस्थिती : सरंजामी नाते दुहेरी शपथेवर उभे होते. सरदाराने लढाईत साथ द्यायची, धन्याने त्याची जमीन राखायची. धन्याने शब्द मोडला, तर सरदार निष्ठेतून मोकळा होऊ शकत असे. राजा ईश्वराच्या आणि कायद्याच्या अधीन असतो, हा विचार १३व्या शतकात इंग्लंडमधील न्यायाधीश ब्रॅक्टन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात स्पष्ट मांडलेला आहे.

गैरसमज २ : मॅग्ना कार्टाने लोकशाही आणली.

वस्तुस्थिती : १५ जून १२१५ रोजी बंडखोर सरदारांनी इंग्लंडचा राजा जॉन याच्याकडून ही सनद मिळवली. कायदेशीर निवाड्याशिवाय कुणालाही कैद करायचे नाही, हे तिचे ३९वे कलम. पण ते ‘स्वतंत्र’ माणसांपुरते होते. जमिनीला बांधलेली असंख्य कुळे त्याबाहेर राहिली. पोप तिसरे इनोसंट यांनी दहा आठवड्यांत ती रद्दही ठरवली. पुढे ती पुन्हा जारी झाली आणि १२१७च्या वनसनदेने चराई व सरपणाचे हक्क मान्य केले. तेही स्वतंत्र माणसांचेच.

गैरसमज ३ : आदिवासी भागांसाठीची राज्यघटनेतील पाचवी अनुसूची ही जुन्या संस्थानिकांना दिलेली सवलत आहे.

वस्तुस्थिती : आता पुन्हा काठीकडे वळू. १८७४च्या अनुसूचित जिल्हे कायद्यात सहा मेहवासी (या भागातील स्थानिक) प्रमुखांची गावे नोंदलेली आहेत, त्यांत पहिले नाव काठीच्या पाडवींचे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशातही हा भाग त्यांच्याच नावांनी ओळखला गेला. १९८५च्या आदेशात मात्र या नावांऐवजी अक्कलकुवा तालुका आला. नावे प्रमुखांची असली, तरी घटनेने दिलेले संरक्षण आदिवासी समाजाचे आहे : जमीन हस्तांतरणावर निर्बंध घालण्याचा राज्यपालांचा अधिकार त्यासाठीच आहे.

१९९६च्या पेसा (पंचायत तरतुदींचा अनुसूचित क्षेत्रांपर्यंत विस्तार) कायद्याने जमीन राखण्याचा हा अधिकार ग्रामसभेपर्यंत आणला. भूसंपादनापूर्वी सल्लामसलत बंधनकारक झाली, गौण वनोपजावर गावाची मालकी आली. २००६च्या वनहक्क कायद्यानुसार दाव्यांची सुरुवातही ग्रामसभेतच होते. मॅग्ना कार्टाने सरदारांना दिलेला ‘का?’ विचारण्याचा हक्क आज मतदार यादीतल्या प्रत्येक बाईला आणि पुरुषाला आहे. तो वापरायचा, तर ग्रामसभेला हजर राहिलेच पाहिजे.