कुंपणातली माणसं

कॅनडातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान वन्यजीव वाचवायला काढलं, असं कुणी सांगितलं तर खुशाल हसावं. ते निघालं गरम पाण्याच्या झऱ्यापायी. १८८३ साली कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या तीन कामगारांना रॉकी पर्वतात, सल्फर माउंटनच्या पायथ्याशी, एक गुहा सापडली आणि गुहेत गंधकाचं ऊन पाणी. मालकी कुणाची यावरून भांडणं लागली, तेव्हा सरकारनं १८८५ मध्ये झऱ्याभोवतीची २६ चौरस किलोमीटर जागा स्वतःकडे राखून घेतली आणि दोनच वर्षांत तिचं उद्यान केलं. रेल्वेला हे हवंच होतं. डोंगर फोडून रूळ टाकले होते, पण त्या रुळांवरून पैसेवाले उतारू यायला काहीतरी निमित्त लागतं. १८८८ मध्ये कंपनीनं तिथं राजवाड्याच्या थाटाचं बॅन्फ स्प्रिंग्ज हॉटेल उघडलं. पुढं १८९९ पासून तर खास स्वित्झर्लंडहून वाटाडे आणून नोकरीला ठेवले, म्हणजे पाहुण्यांनी शिखरं चढावीत आणि धडधाकट परत येऊन बिल भरावं.

तिकिटं खपवायला काढलेल्या या उद्यानाला आता आलेली माणसं आवरता आवरत नाहीत. आम्ही नवरा-बायको तंबू घेऊन तिथं हिंडलो, तेव्हा पावलोपावली दिसली ती हीच आवराआवर. खरं सांगायचं तर डोंगरांइतकीच मला ती बघण्यासारखी वाटली.

आजचं बॅन्फ उद्यान ६,६४१ चौरस किलोमीटरचं आहे. त्याला उत्तरेकडून लागून असलेलं जॅस्पर जवळजवळ ११ हजारांचं, म्हणजे आपल्या अख्ख्या सातारा जिल्ह्याहून थोडं मोठंच. पश्चिमेला योहो आणि कूटनी. ही चारही उद्यानं १९८४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. भाचा कॅलगरीत असल्यामुळं तंबू, स्टोव्ह, थंडीच्या स्लीपिंग बॅगा सगळं उसनं मिळालं. कॅलगरीपासून बॅन्फ गाव दीड तासावर. आम्ही सप्टेंबरचा उत्तरार्ध धरला होता. तेव्हा तिथल्या शाळा सुरू झालेल्या असतात, डास संपलेले असतात, आणि रात्री तंबूवर हिव साचतं.

सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला इथं पहिली गोष्ट खटकते ती गाव नसणं. राजमाचीला निघालं की वर कुणाच्या तरी ओसरीवर पथारी आणि पिठलं-भाकरी मिळणार, हे गृहीत असतं. रॉकीजमध्ये पायवाट गाडीतळावरून सुटते ती थेट रानात शिरते. "इथं कधी कुणी राहतच नव्हतं का गं?" नवऱ्यानं विचारलं. राहत होते की. स्टोनी नाकोडा लोक पिढ्यानपिढ्या या खोऱ्यांतून शिकार करत, औषधी वनस्पती गोळा करत. उद्यान झालं, शिकारीवर बंदी आली आणि त्यांची वाट बंद झाली. जॅस्परला १९०७ मध्ये उद्यान जाहीर झालं तेव्हा अथाबास्का नदीकाठी मेटी कुटुंबांची, म्हणजे मूलनिवासी आणि युरोपी अशा मिश्र वंशाच्या लोकांची, घरं आणि शेतं होती. घरादाराचे पैसे हातावर ठेवून १९१० पर्यंत त्यांना उठवलं. कोयना-चांदोलीच्या उठलेल्या गावांची हकिगत ठाऊक असलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. माहितीफलकांवर आता हा इतिहास थोडाथोडा येऊ लागलाय. त्याला शंभर वर्षं लागली.

बॅन्फमधल्या लेक लुईसचा तंबूतळ मात्र जरूर बघावा असा आहे. त्याला चहूबाजूंनी विजेच्या तारांचं कुंपण आहे. आत आपण, बाहेर अस्वलं. पत्र्याच्या भक्कम कारव्हॅनवाल्यांचा तळ वेगळा आणि बिनकुंपणाचा; कुंपण फक्त कापडी भिंतींच्या माणसांना. प्राणिसंग्रहालयाच्या जाळीत आपल्यालाच ठेवल्यासारखं पहिल्या रात्री वाटलं. त्यात जवळूनच रेल्वे जाते. लांबच लांब मालगाड्या रात्रभर, भोंग्यासकट. जिच्यासाठी हे सगळं उभं राहिलं ती अजून धावतेय, याची खात्री दर दोन तासांनी पटत होती.

तंबूतळाचे नियम बरेच आहेत, पण सगळे एकाच मुद्द्यावर येतात : वास. अन्न, खरकटी भांडी, रिकामे डबे, टूथपेस्ट, साबण, ओठांना लावायचं मलम, सनस्क्रीन यातलं काहीही तंबूत ठेवायचं नाही आणि टेबलावर विसरायचं नाही. सगळं गाडीत किंवा पोलादी पेटीत. रानातल्या आडवळणाच्या तळांवर तर स्वयंपाकाची जागा तंबूंपासून लांब आखलेली असते. पुण्याहून आम्ही मेतकूट, थालिपिठाची भाजणी आणि हिंगाची डबी नेली होती. ती डबी तीन पिशव्यांत गुंडाळून, वर रबर लावून पेटीत जायची. मऊ भात, मेतकूट आणि तिथल्याच लोण्याचं कढवलेलं तूप एवढ्या जेवणानंतर भांड्यांचं धुवण झाडाखाली ओतायचं नाही, ठरलेल्या मोरीतच. एका सकाळी गस्तीवरची वॉर्डन आली. शेजारच्या टेबलावर रात्रभर राहिलेला खाण्याचा कूलर तिनं शांतपणे उचलला, आपल्या गाडीत टाकला आणि त्याच्या जागी चिठ्ठी ठेवून निघून गेली. आवाज चढवणं नाही की भाषण नाही. ती चिठ्ठी वाचताना शेजाऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

एवढी कडक शिस्त कशासाठी, ते १४८ नंबरच्या मादीवरून कळतं. ही बॅन्फ परिसरातली ग्रिझली. माणसांच्या फार जवळ येते म्हणून २०१७ च्या जुलैत तिला पकडून दूर उत्तरेला नेऊन सोडलं. ती हिंडत हिंडत प्रांताची सीमा ओलांडून ब्रिटिश कोलंबियात गेली आणि सप्टेंबरमध्ये एका शिकाऱ्यानं तिला गोळी घातली. तेव्हा तिथं ते कायदेशीर होतं. त्याच वर्षअखेर त्या प्रांतानं ग्रिझलीच्या शिकारीवर बंदी आणली. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल पुन्हा पुन्हा येतं, आणि बहुतेक वेळा त्याचा शेवट असाच होतो. एक चटक खुद्द रेल्वेची आहे : मालगाड्यांतून सांडलेलं धान्य खायला अस्वलं रुळांवर येतात आणि गाडीखाली सापडतात.

रस्त्याच्या बाबतीत मात्र बॅन्फनं जगाला धडा घालून दिलाय. उद्यानातून देशाचा मुख्य महामार्ग जातो. त्याच्या दोन्ही अंगांना उंच जाळी आणि वन्यजीवांना ओलांडायला सहा पूल, अडतीस भुयारी वाटा. पुलांवर माती टाकून झाडं लावलेली. खालून जाताना वर जंगल आहे हे पटकन ध्यानातही येत नाही. हरणं, एल्क लवकर सरावले. ग्रिझलींना भरवसा वाटायला काही वर्षं गेली, आणि त्यांना मोकळा रुंद पूलच लागतो; प्यूमाला अरुंद अंधारी भुयारं चालतात. गाड्यांची वन्यप्राण्यांशी होणारी धडक ८० टक्क्यांहून जास्त घटली. आपल्याकडं नागपूर-सिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात प्राण्यांसाठी रस्ता उचलून घेतलाय आणि त्याखालून वाघ जाताना कॅमेऱ्यांत दिसलेत. तो खर्च वाया नाही, हे बॅन्फनं आधीच दाखवून ठेवलं होतं.

मोरेन लेकला जायला २०२३ पासून खासगी गाड्या बंद आहेत. बसची जागा आधी राखावी लागते. हे सरोवर १,८८५ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही उंच. पाण्याचा रंग छायाचित्रात खोटा वाटतो, प्रत्यक्षात त्याहून खोटा वाटतो. हिमनदी खडक दळते, ते पीठ पाण्यात तरंगत राहतं आणि उजेडातला निळा-हिरवा तेवढा परत फेकतं. इथून वर लार्च व्हॅलीची वाट. लार्च हा सूचिपर्णी असूनही पानगळ होणारा वृक्ष. सप्टेंबरअखेर त्याच्या मऊ सुया हळदीच्या रंगाच्या होतात आणि त्या पंधरवड्यासाठी लोक जगभरातून येतात.

वाटेच्या तोंडाशी पाटी : ग्रिझलीचा वावर आहे, चारजणांहून कमी असाल तर पुढं जायला कायद्यानं मनाई. आम्ही दोघं. मग जोडीदार शोधणं आलं. मॉन्ट्रियलचं एक निवृत्त जोडपंही तसंच खोळंबून उभं होतं. दोन मिनिटांत सोयरीक जमली. अंतर फार पडू द्यायचं नाही आणि अस्वल दचकू नये म्हणून सतत आवाज करत राहायचं, हेही ओघानं आलं. बाईंनी फ्रेंच गाणी म्हटली. त्यांचा साठा संपल्यावर आमच्याकडून नवऱ्यानं पावकी-निमकी सुरू केली, ती वळणावळणाला खणखणीत आवाजात. दीडकीपर्यंत पोचलो तेव्हा झाडी विरळ झाली होती, चहूकडं पिवळंधम्मक, आणि वर २,६११ मीटरवरची सेंटिनेल खिंड. अस्वल दिसलं नाही. दिसलं नाही याचंच श्रेय नवरा अजून घेतो.

जोडप्यानं या डोंगरात तंबू ठोकायची परंपरा जुनी आहे. फिलाडेल्फियाच्या मेरी वॉक्स १९०० मध्ये योहोतलं ३,१९९ मीटरचं माउंट स्टीफन चढल्या. चार्ल्स वॉलकॉट हे स्मिथ्सोनियन संस्थेचे प्रमुख. त्यांना १९०९ मध्ये योहोतल्याच एका कड्यावर बर्जेस शेलचे जीवाश्म सापडले : सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचे मऊ अंगाचे समुद्री जीव, आणि ते डोंगराच्या उंचीवर. दोघांनी १९१४ मध्ये लग्न केलं आणि पुढचे उन्हाळे छावणीत काढले. ते दगड फोडायचे, त्या रानफुलं रंगवायच्या. वॉलकॉटांनी ६५ हजारांच्या घरात नमुने जमवले. मेरीबाईंच्या चित्रांचे पाच खंड निघाले. संसाराचं हे गणित मला फार पटलं.

दुसऱ्या मेरीची, मेरी शेफर यांची गोष्ट वेगळी. नवऱ्याबरोबर त्या इथली रानफुलं गोळा करायला यायच्या. तो १९०३ मध्ये वारला, तरी रानफुलांचं पुस्तक त्यांनी पुरं केलं आणि १९०८ मध्ये जॅस्परमधल्या मलीन सरोवरापर्यंत पोचल्या. 'शोध' त्यांच्या नावावर आहे, पण हातातला नकाशा सॅमसन बीव्हर या स्टोनी माणसानं काढून दिलेला. लहानपणी एकदाच वडिलांबरोबर पाहिलेल्या सरोवराचा नकाशा त्यानं आठवणीवर रेखाटला होता.

लेक लुईसहून जॅस्परला जाणारा आइसफील्ड्स पार्कवे २३० किलोमीटरचा. मध्ये कोलंबिया हिमक्षेत्र. इथल्या स्नो डोमवर वितळलेलं पाणी तीन दिशांना जातं : पॅसिफिक, आर्क्टिक आणि हडसन उपसागरातून अटलांटिक. हिमक्षेत्रातून उतरणारी अथाबास्का हिमनदी गेल्या सव्वाशे वर्षांत दीड किलोमीटरहून जास्त मागं हटली. पायवाटेच्या कडेला सालांच्या पाट्या लावल्यात. एकेकाळी बर्फ कुठवर होता ते चालत मोजता येतं. आमच्या लग्नाच्या सालापासून आजच्या बर्फापर्यंत चालताना चांगलीच धाप लागते.

जॅस्पर गाव जुलै २०२४ च्या वणव्यात पोळलं. रहिवासी आणि पर्यटक मिळून सुमारे २५ हजार माणसं आधीच हलवली होती, पण गावातल्या ३५८ इमारती गेल्या, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा. कारणं एकात एक अडकलेली आहेत. शंभर वर्षं आग दिसली की विझवायची, हे धोरण. त्यामुळं दाट वाढलेलं पाइनचं रान. त्यावर पडलेली सालकिड्याची धाड आणि उभ्या उभ्या वाळलेली झाडं. वर कडक उन्हाळा. मूळचे लोक या खोऱ्यांत मुद्दाम लहान आगी लावत. त्यांना हाकललं तेव्हा ती रीतही गेली. १९८३ पासून उद्यानखातंच ठरवून आगी लावू लागलं, पण साचलेल्या जळणाच्या मानानं ते थोडंच. लॉजपोल पाइनचे बरेच शंकू राळेनं घट्ट मिटलेले असतात आणि आगीच्या धगीनंच उघडतात, त्यामुळं राखेत पहिली रोपं त्याचीच येतात. काळ्या बुंध्यांखाली वीतभर हिरवं दिसतं ते हेच.

जळक्या रानातून जाणाऱ्या वाटेवर बजावून सांगतात : वारा असेल तर रेंगाळू नका, खोडं केव्हाही कोसळतात. वारा होताच. मग भाजणीची थालिपिठं आम्ही अथाबास्काच्या वाळूवर बसून खाल्ली, आणि लसणीच्या चटणीचा डबा नेहमीप्रमाणे तीन पिशव्यांत बांधून गाडीत ठेवला.